बाळाच्या त्वचेवरची दुर्मिळ गाठ: नाव कळेपर्यंत सुरी नको

बाळाच्या अंगावर गाठ दिसली की घरात दोन मते तयार होतात. कोणी म्हणते, ‘जन्मखूण आहे, मोठेपणी जाईल’. कोणी म्हणते, ‘आजच्या आज काढून टाका’. बहुतेक वेळा पहिले मत खरे ठरते, आणि उरलेल्या थोड्या मुलांच्या बाबतीत अडचण याचीच होते. त्यांच्या दुर्मिळ गाठी सुरुवातीला अगदी नेहमीच्या, निरुपद्रवी गाठींसारख्याच दिसतात. दुसरे मत काळजीपोटी आलेले असले, तरी गाठीचे नाव कळण्याआधी ती कापल्याने पुढचे उपचार अवघड होऊ शकतात. म्हणून ‘वाट पाहू’ आणि ‘कापून टाकू’ या दोन्हींच्या आधी येणाऱ्या पायरीविषयी, म्हणजे निदानाविषयी, हा लेख आहे.

मृदू ऊती म्हणजे चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसा आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे तंतुमय जाळे. त्वचेच्या आतल्या थरात आणि तिच्या लगेच खाली या साऱ्या ऊती असतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेली गाठ आपल्याला ‘त्वचेवरची गाठ’ म्हणूनच दिसते. अशा ऊतींच्या कर्करोगाला सारकोमा म्हणतात.

## हे खरोखर किती दुर्मिळ आहे?

अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या त्वचेलगतच्या, शस्त्रक्रियेने काढलेल्या ७७५ गाठी तपासल्या होत्या. त्यांपैकी कर्करोगाच्या निघाल्या केवळ १.४ टक्के. म्हणजे गाठ दिसताच कर्करोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्याच अभ्यासातून पुढे आलेली धोक्याची लक्षणे आजही उपयोगी आहेत: गाठ जन्मतः किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दिसणे, ती वेगाने किंवा सतत वाढत राहणे, तिच्यावरची त्वचा फुटून जखम होणे, ती खालच्या थराला घट्ट चिकटलेली किंवा खोल असणे, आणि टणक गाठ ३ सेंटीमीटरपेक्षा मोठी असणे. यांपैकी एखादे लक्षण असले म्हणजे कर्करोग आहेच असे नव्हे, परंतु ‘बघू पुढच्या लसीच्या वेळी’ असे म्हणून ती गाठ सोडून देऊ नये, एवढे निश्चित.

आपल्याकडे गाठीचे माप हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी असे सांगण्याची रीत आहे. सांगायला ते सोपे असले, तरी दोन महिन्यांनी गाठ वाढली की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो डॉक्टरांना फार मोठी माहिती देतो. माझ्या मते पालकांच्या हातातले हे सर्वांत मोलाचे साधन आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.

## लाल गाठ: नेहमीची कोणती आणि वेगळी कोणती

तान्ह्या मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, तिला हिमँजिओमा म्हणतात. साधारण शंभरातील चार-पाच बाळांना ती होते; मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये अधिक. तिची वाटचाल ठरलेली असते. जन्माच्या वेळी ती नसते किंवा फिकट डागाएवढीच असते, पहिल्या काही आठवड्यांत डोके वर काढते, तीन ते पाच महिन्यांपर्यंत झपाट्याने वाढते, मग थांबते आणि पुढील काही वर्षांत हळूहळू ओसरते. डोळ्याजवळ, श्वासमार्गाजवळ किंवा मोठी असल्यास प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारासाठी वापरले जाणारे जुने औषध दिले जाते. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी या औषधाचा हा अनपेक्षित परिणाम २००८ मध्ये जगासमोर मांडला.

आता अशाच लाल-जांभळ्या, तान्ह्या वयात दिसणाऱ्या दुसऱ्या गाठीचा विचार करू. तिचे नाव इन्फंटाइल फायब्रोसारकोमा, म्हणजे तंतुमय ऊतीचा बाळवयातील कर्करोग. ती बहुधा हातापायांवर असते, पुष्कळदा जन्मतःच दिसते, वेगाने मोठी होते, तिच्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात आणि त्यामुळे ती हिमँजिओमा समजली जाण्याची चूक जगभर झालेली आहे. फरक ओळखायचा तो वाटचालीवरून. जन्माच्याच वेळी पूर्ण वाढलेली गाठ, दाबल्यावर टणक लागणारी गाठ, प्रोप्रॅनोलॉल देऊनही वाढतच राहणारी गाठ, सहा महिन्यांनंतरही झपाट्याने वाढत राहणारी गाठ या नेहमीच्या हिमँजिओमाच्या वाटचालीत बसत नाहीत. जन्मतः पूर्ण वाढलेले हिमँजिओमाचे काही वेगळे, निरुपद्रवी प्रकारही असतात. म्हणूनच अशा गाठीबद्दल नुसत्या नजरेने निकाल देऊ नये.

तिसरी गाठ कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा. नाव लांबलचक असले तरी लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे: ही गाठ रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातील कण, म्हणजे प्लेटलेट, स्वतःत अडकवून ठेवते. गाठ अचानक फुगते, जांभळी व कडक होते, बाळाच्या अंगावर रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागतात. कासाबाक आणि मेरिट या डॉक्टरांनी १९४० मध्ये हा प्रकार वर्णन केला. पुढे कित्येक दशके तो साध्या हिमँजिओमाचाच उपद्रव मानला जाई. १९९७ मध्ये स्पष्ट झाले की तो साध्या हिमँजिओमामुळे होत नाही, या आणि हिच्याच जवळच्या दुसऱ्या एका गाठीमुळे होतो. अशा संशयात तपासणीसाठी गाठीला सुई लावण्यापूर्वी रक्त गोठण्याच्या तपासण्या करणे अत्यावश्यक असते.

येथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. वैद्यकीय पुस्तकांतील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची आहेत. सावळ्या त्वचेवर लाली तितकी उठून दिसत नाही. तीच गाठ निळसर, करडी किंवा नुसती काळपट दिसू शकते. इंटरनेटवरच्या फोटोशी आपल्या बाळाची गाठ जुळत नाही किंवा जुळते, यावरून काहीही ठरवू नये.

## व्रणासारखा दिसणारा चट्टा

सगळ्याच दुर्मिळ गाठी फुगून वर येत नाहीत. डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्युबरन्स, ज्याला डॉक्टर डीएफएसपी म्हणतात, हा मुळात प्रौढांचा आजार आहे, पण तो मुलांनाही होतो आणि क्वचित जन्मतःच असतो. मुलांमध्ये तो पुष्कळदा सपाट किंवा किंचित खोलगट, निळसर-तपकिरी चट्टा असतो; जुन्या जखमेचा व्रण, केलॉइड, जन्मखूण यांपैकी काहीही वाटावा असा. तो दुखत नाही, खाजत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्यामुळे निदानाला अनेक वर्षे लागलेली उदाहरणे वैद्यकीय साहित्यात वारंवार येतात.

त्याचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. दूरच्या अवयवांत पसरण्याचे त्याचे प्रमाण फारच कमी असते, परंतु त्वचेखालच्या चरबीत त्याचे धागे दिसणाऱ्या कडेच्या बरेच पलीकडे गेलेले असतात. दिसणारा चट्टा तेवढा कापला तर धागे मागे राहतात आणि गाठ त्याच जागी पुन्हा येते. तपासणीसाठी घेतलेला तुकडा फार वरवरचा असला, तरी घोटाळा होतो: चरबीपर्यंत न पोचलेल्या तुकड्यात हाच आजार साध्या निरुपद्रवी गाठीसारखा दिसू शकतो. ज्या जागी कधी जखम झालीच नाही, तेथे व्रण वाढताना दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे योग्य.

## आधी सोनोग्राफी, मग बाकीचे

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तिच्यात क्ष-किरण नसतात, भूल लागत नाही, आणि गाठ पाण्याची आहे की भरीव, किती खोल आहे, तिच्यात रक्त किती वेगाने वाहते, हे कळते. गाठ मोठी, खोल किंवा संशयास्पद असेल तर एमआरआय लागतो. त्यातही क्ष-किरण नसतात; प्रश्न असतो तो बाळाला स्थिर ठेवण्याचा. अगदी लहान बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेत एमआरआय करता येतो, मोठ्या बाळाला मात्र झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते.

नाकाच्या मध्यरेषेवर, डोक्यावर किंवा पाठीच्या कण्यावर असलेल्या गाठीला चित्र-तपासणीपूर्वी सुई लावू नये. अशा गाठीचा एखादा मार्ग आत मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो.

## ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ हे खरे का?

ही भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे अनेक मुले उशिरा पोचतात, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेतल्याने, गाठीचा स्वभाव बदलत नाही; साधी गाठ कर्करोगाची होत नाही. सुईच्या मार्गात काही पेशी राहण्याची शक्यता अल्प असते, आणि ती लक्षात घेऊनच अनुभवी शल्यचिकित्सक बायोप्सीची जागा ठरवतो: हातापायावर छेद आडवा न घेता अवयवाच्या लांबीच्या दिशेने घ्यायचा, जेणेकरून पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत तो मार्ग गाठीसोबतच काढून टाकता येईल. म्हणूनच जो डॉक्टर पुढची शस्त्रक्रिया करणार आहे, त्याने किंवा त्याच्या सल्ल्याने बायोप्सी होणे इष्ट.

आपल्याकडे सर्रास होणारी बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, स्वस्त आणि झटपट आहे आणि मानेतल्या गाठींसाठी ती उपयोगी पडते. परंतु तिच्यात सुट्या पेशी मिळतात, त्यांची रचना मिळत नाही. दुर्मिळ मृदू ऊतींच्या गाठी बऱ्याच अंशी रचनेवरूनच ओळखायच्या असल्यामुळे त्यांच्यासाठी जाड सुईने किंवा छोट्या छेदाने घेतलेला पुरेसा तुकडा लागतो.

## मग अख्खी गाठच काढून तपासली तर?

गाठ छोटी, वरवरची आणि सर्व लक्षणांवरून निरुपद्रवी असेल, तर हे अगदी योग्य आहे. मात्र ‘चरबीची गाठ असेल’ असे गृहीत धरून, कोणतीही चित्र-तपासणी न करता एखादी टणक, खोल गाठ काढली आणि आठवड्याने अहवालात सारकोमा आला, तर परिस्थिती बिकट होते. गाठ नेमकी कुठवर होती हे आता दिसत नाही, रक्त साकळून पेशी आजूबाजूला गेलेल्या असू शकतात, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी करावी लागते. मुलाच्या हाताबोटांवर किंवा चेहऱ्यावर हा फरक आयुष्यभराचा असतो. काही गाठींत तर आधी औषधाने गाठ लहान करून मग छोटी शस्त्रक्रिया करणे शक्य असते. घाईने कापल्यास ती संधी हातची जाते.

काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे, मग तो कितीही साधा वाटो. तो फॉर्मॅलिन या टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात ठेवायचा असतो. प्रयोगशाळेत त्याचा मेणातला ठोकळा बनतो, त्याला ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक आणि काचपट्ट्या पालकांनी मागून घेऊन मुलाच्या फाइलसोबत जपाव्यात, कारण दुसरे मत घ्यायचे झाल्यास तज्ज्ञाला नुसता कागदी अहवाल पुरत नाही.

## अहवालात ‘स्पिंडल सेल’ लिहिले आहे, म्हणजे काय?

हे शब्द वाचून पालक रात्रभर मोबाइलवर शोधत बसतात. स्पिंडल म्हणजे चाती. दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या एवढाच त्याचा अर्थ. हे वर्णन आहे, निदान नव्हे. निरुपद्रवी गाठींपासून कर्करोगापर्यंत कितीतरी आजारांत अशा पेशी असतात.

पुढची पायरी रंगतपासणीची, जिला आयएचसी म्हणतात. पेशीत एखादे विशिष्ट प्रथिन असेल तर ती त्या तपासणीत रंगते. बाळवयातील नेहमीचा हिमँजिओमा ग्लूट-१ या प्रथिनासाठी रंगतो, वर सांगितलेली प्लेटलेट अडकवणारी गाठ रंगत नाही. स्नायूंच्या कर्करोगात, म्हणजे मुलांच्या सारकोमांत सर्वाधिक आढळणाऱ्या रॅब्डोमायोसारकोमात, डेस्मिन आणि मायोजेनिन ही प्रथिने रंगतात. डीएफएसपीमध्ये सीडी-३४ हे प्रथिन रंगते. पण तेच सीडी-३४ बाळांच्या काही पूर्णपणे निरुपद्रवी तंतुमय गाठींतही रंगते. म्हणून एका रंगावर निदान टेकवता येत नाही. मुलाचे वय, गाठीची जागा, तिची वाटचाल, एमआरआयचे चित्र हे सगळे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, माहीत असावे लागते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पायावरची गाठ आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवरची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसली, तरी त्यांचे अर्थ वेगळे असू शकतात. दोन ठिकाणांहून दोन वेगळे अहवाल आले, तर त्यात कोणाची बेपर्वाई शोधण्याची गरज नाही. एखाद्या पॅथॉलॉजिस्टने असा आजार उभ्या कारकिर्दीत एक-दोनदाच पाहिलेला असतो. अशा वेळी मुलांच्या आणि मृदू ऊतींच्या गाठी नियमित पाहणाऱ्या केंद्राकडून, उदाहरणार्थ मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडून, ब्लॉक पुन्हा तपासून घेणे हा नेहमीचा आणि योग्य मार्ग आहे. आधीच्या डॉक्टरांचा त्यात अपमान होत नाही.

## जनुकांमधली चुकीची जोडणी

इन्फंटाइल फायब्रोसारकोमात १२व्या आणि १५व्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात आणि ईटीव्ही-६ व एनटीआरके-३ ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. हा शोध १९९८ मधला. याचा परिणाम समजण्यासाठी इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करावा. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून स्विच असतो. त्या स्विचकडे जाणारी तार तुटून कायम वीज असलेल्या दुसऱ्याच तारेला जोडली गेली, तर टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालूच राहील. एनटीआरके-३ हे वाढीचा संदेश देणारे जनुक आहे. चुकीच्या जोडणीनंतर त्याचा संदेश थांबतच नाही आणि पेशी वाढत राहतात. लॅरोट्रेक्टिनिब हे औषध थेट तो पंप बंद करते. अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही एखाद्या अवयवाच्या कर्करोगासाठी नव्हे, तर अशी जनुक-जोडणी असलेल्या कोणत्याही अवयवातील घन गाठीसाठी.

डीएफएसपीतही अशीच जोडणी असते, १७व्या आणि २२व्या गुणसूत्रांमधली. तेथे शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा इमॅटिनिब या औषधाचा विचार होतो. निरुपद्रवी गाठींचीही आपापली जनुकीय खूण सापडू लागली आहे: बाळांच्या काखेत किंवा पाठीवर होणाऱ्या फायब्रस हॅमार्टोमा या साध्या गाठीत ईजीएफआर जनुकातील बदल २०१६ मध्ये सापडला. त्यामुळे जनुक-चाचणी कर्करोग शोधते तशीच ‘हा कर्करोग नाही’ असेही सांगू शकते. अर्थात, एक ठरावीक जोडणी सापडली नाही म्हणून आजार नाही, असे होत नाही. दिसायला इन्फंटाइल फायब्रोसारकोमाच असलेल्या काही गाठींत इतर जनुकांच्या जोडण्या असतात.

## एवढी महागडी चाचणी सामान्य माणसाने का करावी?

आक्षेप रास्त आहे. औषध महाग, चाचणी महाग, आणि प्रत्येक गाठीला ती लागत नाही हेही खरे. परंतु नेमके निदान झाले म्हणजे महागडे औषधच घ्यावे लागते, असे नाही. इन्फंटाइल फायब्रोसारकोमा व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन या जुन्या, तुलनेने स्वस्त औषधांनाही पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतो. एके काळी या आजारात काही बाळांचा हात किंवा पाय कापावा लागे. नाव वेळेत कळले तर तो वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. खर्चाच्या बाबतीत रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत भेटावे; शासकीय योजना आणि धर्मादाय निधी यांची कागदपत्रे तेथेच मार्गी लागतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशभरातील अनेक केंद्रे एकमेकांशी जोडलेली आहेत, त्यामुळे विदर्भातल्या किंवा कोकणातल्या कुटुंबाने प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही.

## आईचे काही चुकले का?

नाही. ग्रहणात बाहेर पडल्याने, काही खाल्ल्याने, पोटावर काही आपटल्याने या गाठी होत नाहीत. वर सांगितलेल्या जनुक-जोडण्या गाठीच्या पेशींतच घडलेल्या असतात. त्या आईवडिलांकडून आलेल्या नसतात आणि पुढच्या बाळाला होण्याचे कारण नसते. याला मोजके अपवाद आहेत. त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असणे, एकाच घरात अनेकांना तरुणपणी कर्करोग झालेला असणे किंवा एकाच बाळाला अनेक तंतुमय गाठी असणे, अशा वेळी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

## कधी कधी निदान सांगते: काही करू नका

बाळाच्या बोटावर, अंगठा सोडून, गुलाबी टणक गाठ येणे हा इन्फंटाइल डिजिटल फायब्रोमा असू शकतो. सिडनीचे पॅथॉलॉजिस्ट डग्लस राय यांनी १९६५ मध्ये त्याच्या पेशींतील वैशिष्ट्यपूर्ण गोळे वर्णन केले. ही गाठ कापली तर वारंवार परत येते, आणि सोडून दिली तर पुष्कळदा काही वर्षांत आपोआप ओसरते. बोट वाकडे होत नसेल तर तेथे शल्यक्रिया टाळणेच हिताचे असते. मायोफायब्रोमा नावाच्या गाठीही एकट्या असतील तर बऱ्याचदा विरून जातात. मात्र त्या अनेक असतील तर फुप्फुसे, आतडी यांसारख्या आतल्या अवयवांत त्या नाहीत ना, हे आधी पाहावे लागते.

निदान न करता वाट पाहणे आणि निदान करून वाट पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असते, गाठ सेंटीमीटरमध्ये मोजून लिहिलेली असते, आणि काय दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे हे पालकांना सांगितलेले असते. डीएफएसपीसारख्या आजारात शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही कित्येक वर्षे त्या जागेची तपासणी चालू ठेवावी लागते, म्हणून मूल मोठे होऊन शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेले, तरी मूळ अहवाल, ब्लॉकचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेची नोंद असलेली फाइल त्याच्यासोबत गेली पाहिजे.